धुक्यांत भरंवसा कोणाचा?

घरांत कोणतीहि नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे पहिला प्रश्न एकच असतो : “कोणत्या कंपनीची घ्यावी?” शिवणयंत्र असो, मनगटी घड्याळ असो अथवा स्नानघरांतील गीझर असो, शेजारीपाजारी, मेहुणे, जांवई, दुकानदार, सर्वांपाशीं या प्रश्नाचें उत्तर तयार असतें, आणि गंमत अशी कीं, ज्याच्या घरीं जी वस्तु असेल तीच त्यास सर्वांत उत्तम वाटते. एरवीं या चर्चेनें फारसें बिघडत नाहीं. गीझर बंद पडला तर एक दिवस थंड पाण्यानें स्नान होतें, एवढेंच. परंतु जिच्यावर विसंबून माणूस आपल्या मुलाबाळांसह समुद्रावर जातो अशी ती वस्तु असली, तर तोच साधा प्रश्न फार गंभीर होतो.

असा एक प्रश्न गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस पाठविला आहे. त्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील मेन राज्यांत, पोर्टलंड शहरीं राहतात. त्यांच्या यजमानांनीं ३४ फुटांची एक नौका घेतली आहे, आणि सुटीच्या दिवसांत पतिपत्नी व त्यांचीं दोन मुलें तींतून किनाऱ्याकिनाऱ्यानें जवळच्या बेटांवर जातात. आतां तिच्यावर रडार बसवावयाचें आहे. फुरुनो, रेमरीन, गार्मिन, सिमरॅड अशीं चार नांवें त्यांनीं ऐकलीं आहेत, व या चौघांत भरंवशाचें कोण तें सांगावें असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही नौका चालविणारे नव्हों. आमचा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत गेला. तथापि भरंवसा ठेवावयाचा तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न मुळांत प्रमाणशास्त्राचा आहे, आणि संस्कृताच्या अभ्यासामुळें त्या शास्त्राशीं आमची थोडीबहुत ओळख आहे. म्हणून या विषयाचा जमेल तितका धांडोळा घेऊन त्याचें फलित वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम तेथील परिस्थिति ध्यानांत घ्यावयास हवी. आपल्याकडे धुकें म्हणजे हिंवाळ्यांतील पहाटेची गोष्ट. सूर्य कासराभर वर आला कीं तें विरून जातें. मेनच्या किनाऱ्यावरील धुकें उन्हाळ्यांतलें आहे. तेथील समुद्राचें पाणी जून-जुलैंतहि चांगलेंच थंड असतें. नैर्ऋत्येकडून येणारा उष्ण व दमट वारा त्या पाण्यावरून वाहूं लागला म्हणजे त्यांतील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदु बनतात आणि पाहतां पाहतां समुद्र झांकला जातो. हें धुकें कधीं तासाभरांत उठतें, कधीं दिवसभर हलत नाहीं. त्यांत किनारा खडकांचा, बेटांची संख्या हजारांवर, आणि पोर्टलंडजवळ भरतीओहोटीनें पाणी सुमारें ९ फूट चढतें-उतरतें. त्यामुळें सकाळीं पाण्याखालीं असलेला खडक दुपारीं डोकें वर काढतो. शेवंडें पकडणाऱ्या कोळ्यांच्या नौका धुकें पडलें म्हणून घरीं बसत नाहींत, आणि बेटांकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीहि आपल्या वेळापत्रकानें चालतात. ज्यांनीं पावसाळ्यांत घाटांतल्या धुक्यांतून मोटार चालविली असेल त्यांस या संकटाची थोडीशी कल्पना येईल. फरक इतकाच कीं, समुद्रावर रस्त्याची कड दिसत नाहीं, आणि आपण थांबलों तरी प्रवाह नौकेस वाहून नेतोच.

अशा वेळीं डोळ्यांचें काम करणारें यंत्र तें रडार. त्याचें तत्त्व कोणाहि शाळकरी मुलास समजेल असें आहे. खोल विहिरीच्या कांठीं उभें राहून हांक मारली कीं प्रतिध्वनि येतो. हांक आणि प्रतिध्वनि यांच्यामधील काळ मोजला तर पाणी किती खोल आहे तें सांगतां येईल. रडार ध्वनीऐवजीं रेडिओ-लहरींची हांक मारतें. या लहरी सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतात. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, अंतरावरील वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास त्यांस किती काळ लागतो? सेकंदाचे १० लक्ष भाग केले तर त्यांतील अवघे १२ भाग! या काळावरून अंतर समजतें, फिरत्या अँटेनाचें तोंड त्या क्षणीं कोणीकडे होतें त्यावरून दिशा समजते, आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

ही कल्पना मूळची लढाईची नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९०४ सालीं ख्रिश्चन हुल्समायर नांवाच्या जर्मन संशोधकानें कोलोन येथें ऱ्हाइन नदीवरील जहाजाकडे रेडिओ-लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि पकडून दाखविला. जहाजांच्या टकरी टळाव्या हाच त्याचा हेतु होता. परंतु त्या यंत्रास गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें १९३५ मध्यें इंग्लंडांत वॉटसन-वॉट यांनीं विमानें हुडकण्यासाठीं तेंच तत्त्व वापरलें. आणि १९४० मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट या दोघांनीं नव्या धर्तीचा मॅग्नेट्रॉन बनविला, तेव्हां कोठें आकारानें लहान, पण बारीक पाहणारें रडार शक्य झालें. ज्या घरीं मायक्रोवेव्ह भट्टी आहे तेथें स्वयंपाकघरांतहि हा मॅग्नेट्रॉन नांदत असतो. अमेरिकेंतील रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांस १९४५ मध्यें या लहरींनीं अन्न तापतें असें आढळलें, व त्यांतून ती भट्टी निघाली. या रेथिऑनचें नांव पुढें पुन्हां येणार आहे.

आतां नैयायिकांच्या दृष्टीनें पाहूं. खडक डोळ्यांनीं दिसला तर तें प्रत्यक्ष. पडद्यावर ठिपका दिसला व तेथें खडक आहे असें आपण म्हटलें तर तें अनुमान. डोंगरावरील धुरावरून अग्नि ओळखण्यासारखें. अनुमान जितकें उपयोगी तितकेंच त्यांत हेत्वाभासाचें भय. पावसाची सर ठिपके उमटविते, जवळच्या लाटाहि उमटवितात. उलट लांकडाची किंवा फायबरग्लासची लहान होडी खरोखर समोर असूनहि तिचा प्रतिध्वनि अगदीं क्षीण येतो. तेव्हां रडारच्या भरंवशाचे दोन अर्थ होतात. एक, यंत्र ऐन वेळीं चालूं राहील कीं नाहीं. आणि दुसरा, चालूं असतां तें जें दाखवील त्यावरून खरें ज्ञान होईल कीं नाहीं. दुकानांतील चर्चा बहुधा पहिल्याच अर्थाची होते. जीव मात्र दोहोंवर अवलंबून असतो.

सध्यां बाजारांत दोन जातींचीं यंत्रें आढळतात. जुन्या जातींत मॅग्नेट्रॉन असतो. तो तापून तयार होण्यास दीड-दोन मिनिटें लागतात. मग तो क्षणमात्र ४ किलोवॅटपर्यंत शक्तीचा ठोका सोडतो. त्याचें आयुष्य कांहीं हजार तासांचें असतें, व नंतर तो बदलावा लागतो. नव्या जातींत मॅग्नेट्रॉन नाहीं. अर्धवाहकांच्या साह्यानें फारच कमी शक्तीच्या लहरी सोडून येणाऱ्या प्रतिध्वनींतून हवें तें गणितानें वेगळें काढतात. सिमरॅड व तिच्या भगिनी-कंपन्यांनीं २००९ च्या सुमारास मॅग्नेट्रॉनवांचून चालणारें रडार हौशी नौकांसाठीं आणलें; पुढें चौघांनींहि ती वाट धरली. नवीं यंत्रें कांहीं सेकंदांत तयार होतात, वीज कमी घेतात, आणि जवळचें चांगलें पाहतात. शिवाय जवळ येणारी वस्तु निराळ्या रंगांत दाखविण्याची सोय त्यांतील बऱ्याच यंत्रांत आहे. आगगाडी जवळ येतांना तिच्या शिट्टीचा सूर चढतो व दूर जातांना उतरतो, तेंच हें डॉप्लरचें तत्त्व. मात्र आपल्या दृष्टिरेषेस आडव्या जाणाऱ्या नौकेचा सूर चढत नाहीं कीं उतरत नाहीं. म्हणून रंगावरच भिस्त ठेवूं नये.

जाहिरातींत ३६ मैल, ४८ मैल असे आंकडे ठळक अक्षरांत असतात. त्यांस भुलण्याचें कारण नाहीं. पृथ्वी गोल आहे हा पाठ रडारलाहि लागू आहे. अँटेना पाण्यापासून जितके मीटर उंच असेल त्या संख्येचें वर्गमूळ घेऊन त्यास २.२ नें गुणलें म्हणजे त्याच्या क्षितिजाचें अंतर सागरी मैलांत येतें. ४ मीटर उंचीवरील अँटेनाचें क्षितिज ४.४ मैल. समोरचें जहाज ९ मीटर उंच असेल तर त्याचे ६.६ मैल त्यांत मिळवावे, बेरीज ११. म्हणजे उंच डोंगर सोडले तर लहान नौकेवरून ११ मैलांपलीकडचें असें जहाज सहसा दिसणार नाहीं, मग खोक्यावर कांहींहि छापलेलें असो.

हौशी नौकेचें खरें काम दोन-तीन मैलांच्या आंतच असतें, आणि तेथें शक्तीपेक्षां अँटेनाच्या रुंदीस महत्त्व आहे. १८ इंची घुमटांतील अँटेनाचा किरण सुमारें ५ अंश फांकतो; एक सागरी मैलावर त्याची रुंदी १६० मीटर होते. तेवढ्या पट्ट्यांत शेजारीं शेजारीं असलेल्या दोन नौका पडद्यावर एकच दिसतात, आणि दोन बेटांमधील अरुंद वाट बुजून जाते. २४ इंची घुमटांत किरण ४ अंशांच्या आसपास येतो व ती रुंदी १३० मीटरांवर उतरते. ४ फुटी उघड्या अँटेनाचा किरण याच्याहि निम्म्यानें अरुंद असतो, परंतु एवढा अँटेना लहान नौकेस झेपत नाहीं. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, नांव कोणतेंहि पसंत करा, पण नौकेस झेपेल तितका रुंद अँटेना घ्या.

आतां त्या चार नांवांकडे वळूं. फुरुनो ही जपानी कंपनी. १९४८ मध्यें तिनें माशांचे थवे ध्वनिलहरींनीं शोधणारें यंत्र व्यवहारांत आणलें, आणि पोटासाठीं समुद्रावर जाणारा कोळी व व्यापारी जहाज हीं तिचीं मोठीं गिऱ्हाइकें होत. यंत्र बंद पडल्यास ज्याचा दिवस बुडतो, असें गिऱ्हाईक कारखानदारास आपोआप शिस्त लावतें. रेमरीन ही इंग्लंडांतील कंपनी. वर सांगितलेल्या रेथिऑनच्या हौशी नौकांच्या शाखेंतून ती निघाली, २००१ मध्यें स्वतंत्र झाली, २०१० मध्यें फ्लिर कंपनीनें ती घेतली, आणि २०२१ मध्यें फ्लिरसह ती टेलिडाइनच्या ताब्यांत गेली. गार्मिन १९८९ मध्यें अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांत स्थापन झाली. उपग्रहांवरून स्थान सांगणारीं यंत्रें हा तिचा मूळ धंदा. रडारकडे ती मागाहून वळली. सिमरॅड मूळची नॉर्वेची. लोरन्स आणि बी-अँड-जी यांच्यासह ती नॅव्हिकोच्या छत्राखालीं आली, व तें छत्र २०२१ मध्यें अमेरिकेंतील ब्रन्सविक कंपनीनें विकत घेतलें. ही वंशावळ सांगण्याचें कारण असें कीं, रडार दहा-पंधरा वर्षें वापरावयाचें असतें. तेवढ्या काळांत कंपनीचा धनी एकदां-दोनदां बदलूं शकतो, आणि नव्या धन्यास जुन्या यंत्रांचे सुटे भाग बाळगण्याचें अगत्य असेलच असें नाहीं.

याला जोडूनच दुसरी एक गोष्ट आहे, व ती खरेदीपूर्वींच कळलेली बरी. एका कंपनीचा रडार-घुमट दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर सहसा चालत नाहीं. पाण्याची खोली, वाऱ्याची गति, नौकेची दिशा यांची माहिती ठराविक पद्धतीच्या सामायिक तारेवरून कोणाच्याहि पडद्यावर आणतां येते. रडारचें चित्र मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेंत बोलतें. म्हणजे घुमट घेणें हें सोयरीक जुळविण्यासारखें आहे. एका माणसाशीं नव्हे, साऱ्या घराण्याशीं संबंध जडतो. पुढें पडदा बिघडला आणि त्या जातीचे पडदे निघणें बंद झालें असेल, तर नव्या पडद्यास जुना घुमट ओळखतां येईलच असा नेम नाहीं. आणि मग धडधाकट घुमटहि अडगळींत जातो. फुरुनोसारखे कांहीं कारखानदार स्वतःचा पडदा असलेलें स्वतंत्र रडारहि विकतात. ज्यांस ही गुंतागुंत नको असेल त्यांनीं त्याचा विचार करावा.

मग या चौघांत भरंवशाचें कोण? येथें आप्तवाक्याचा प्रश्न येतो. आप्त कोण, तर ज्याला वस्तु यथार्थ ठाऊक आहे आणि जो ठाऊक आहे तसेंच सांगतो. दोन्ही लक्षणें हवींत. विकणाऱ्यास ठाऊक पुष्कळ असतें, पण त्याची दृष्टि आपल्या खिशाकडे असते. नौकेच्या मालकास खोटें बोलण्याचें कारण नसतें, पण त्यानें जन्मांत दोन-तीनच रडारें वापरलेलीं असतात. त्यांतील एक बिघडलें कीं तो सारी कंपनी वाईट ठरवितो. शिवाय तक्रारींची मोजणीहि फसवी असते. जिचीं यंत्रें नौकोनौकीं आहेत तिच्याविषयीं शंभर तक्रारी कानांवर येतात, जिचीं थोडींच खपलीं तिच्याविषयीं पांच; एवढ्यावरून दुसरी अधिक चांगली असें कसें म्हणावें? भाज्य सांगितला पण भाजक सांगितला नाहीं, तर भागाकार करतां येत नाहीं, हें पांचवीचा मुलगाहि सांगेल. आणि विकलेल्या शंभर यंत्रांपैकीं किती परत आलीं हा भाजकासहित हिशेब कंपन्या सहसा छापीत नाहींत.

राहिला तिसरा साक्षी, म्हणजे दुरुस्ती करणारा कारागीर. तो सर्व कंपन्यांचीं यंत्रें उघडतो, व आंत काय गंजलें आहे तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. अमेरिकेंत नौकांवरील विद्युत्-यंत्रांचे कारखानदार, विक्रेते व कारागीर यांची नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन नांवाची संस्था आहे. ती उत्तम यंत्रांस दर वर्षीं मान देते, आणि रडारचा मान वर्षानुवर्षें फुरुनोकडे गेलेला आहे. या संस्थेंत विकणारेहि आहेत, म्हणून या साक्षीस थोडी सूट द्यावी. परंतु ती टाकाऊ खचित नव्हे.

तथापि रडार बहुधा कशानें बिघडतें हें पाहिलें म्हणजे नांवाचा दिमाख बराच उतरतो. घुमटाच्या सांध्यांतून पाणी आंत झिरपतें. तारेच्या जोडणीवर हिरवा गंज चढतो. १२ व्होल्टांची वीज बारीक तारेनें लांबून आणल्यामुळें घुमटापर्यंत पोंचतां पोंचतां क्षीण होते. डोलकाठींतून अथवा छपरांतून ओढतांना तार मुरगळली जाते. अँटेना फिरविणारी मोटर झिजते. यांपैकीं मोटरीचें कारण सोडलें तर बाकीचीं पुष्कळशीं बसविणाऱ्याच्या हातचीं आहेत. उत्तम कंपनीचें यंत्र अर्धवट जोडणीनें बसविलें, तर नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी गत होते.

याहूनहि घातक असा एक दोष आहे. यंत्र एकदम बंद पडलें तर निदान तें समजतें. माणूस सावध होतो, वेग कमी करतो, भोंगा वाजवितो. पण मॅग्नेट्रॉन म्हातारा होतो तो हळूहळू. यंदां जी होडी दोन मैलांवर दिसत होती ती पुढेंमागें एका मैलावर आल्याशिवाय दिसेनाशी होते, आणि पडदा मात्र पूर्वींसारखाच उजळलेला असतो. मोठ्या जहाजांवरील रडारास स्वतःची शक्ति तपासण्याची योजना लागते. हौशी नौकांवरील यंत्रांत ती बहुधा नसते. यावर उपाय सोपा आहे व त्यास पैसा पडत नाहीं. स्वच्छ उन्हाच्या दिवशींहि रडार लावून बसावें. एका मुलानें समुद्राकडे पाहावें, दुसऱ्यानें पडद्याकडे, आणि जें एकास दिसतें तें दुसऱ्यास दिसतें कीं नाहीं हें ताडून पाहावें. बंदरांतील एखादा ठराविक बोया किती अंतरावरून उमटूं लागतो तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें. प्रत्यक्षानें अनुमानाची परीक्षा घेण्याची ही संवय लागली म्हणजे दोन लाभ होतात : यंत्राचें म्हातारपण वेळींच कळतें, आणि पडद्यावरील खुणा वाचण्यास माणूस शिकतो. जुनें रडार विकत घ्यावयाचें असेल तर तें किती तास चाललें आहे तें अवश्य विचारावें. पुष्कळ यंत्रें हा आंकडा स्वतःच दाखवितात.

यंत्र चालूं असूनहि घात कसा होतो याचें उदाहरण मेनच्या दक्षिणेस, मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रांत घडलेलें आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्रीं नॅन्टकेट बेटाजवळ इटलीचें ‘आंद्रेआ डोरिया’ आणि स्वीडनचें ‘स्टॉकहोम’ या दोन प्रवासी जहाजांची टक्कर झाली. त्या भागांत धुकें होतें. दोहोंवर रडार होतें, आणि दोहोंनीं एकमेकांस पडद्यावर मैल-मैल दुरून पाहिलें होतें. तरी समोरचें जहाज आपल्या कोणत्या बाजूनें जाणार, याचा अर्थ दोघांनीं निराळा लावला. एकानें डावीकडे वळण घेतलें, दुसऱ्यानें उजवीकडे. ५१ माणसें प्राणांस मुकलीं. ठिपका खोटा नव्हता. त्यावरून काढलेलें अनुमान खोटें होतें.

म्हणूनच १९७२ सालीं ठरलेल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं नाविकांस बजावलें आहे कीं, रडार चालूं स्थितींत असेल तर तें योग्य रीतीनें वापरलेंच पाहिजे, पण अपुऱ्या माहितीवरून तर्क बांधूं नये. आणि डोळ्यांची व कानांची टेहळणी कधींहि सोडूं नये. हे नियम हौशी नौकांसहि लागू आहेत. त्यांतील एक कसोटी मुलांकडूनहि पाठ करून घ्यावी : समोरच्या नौकेची दिशा बदलत नाहीं आणि अंतर मात्र घटत चाललें आहे, असें दिसलें कीं टकरीचें भय आहे असें समजावें.

आणखी एक बाजू आहे. आपल्यास दुसरे दिसावे तसे आपणहि दुसऱ्यांस दिसलों पाहिजेत. २००६ च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटाजवळ ‘ऊझो’ नांवाची लहान शिडाची नौका बुडाली व तिच्यावरील तिघेहि दगावले. तिच्यावर लहरी परतविणारा परावर्तक होता, पण चौकशींत तो पुरेसा नव्हता असें दिसून आलें. त्यानंतर २००७ मध्यें बाजारांतील परावर्तकांची परीक्षा झाली, तेव्हां बारीक नळीच्या आकाराचे परावर्तक अगदीं कुचकामी ठरले. तेव्हां रडारवर मोठी रक्कम घालतांना चांगल्या, मोठ्या परावर्तकासाठीं थोडी बाजूस ठेवावी. कोणी म्हणतील, हल्लीं जहाजें आपलें नांव व ठिकाण रेडिओनें आपण होऊन सांगतात, मग रडार हवें कशाला? ती सोय चांगली आहे. परंतु लहान मासेमारी नौकांवर ती सक्तीची नाहीं, आणि खडक व तरंगते ओंडके तर आपलें नांव कधींच सांगत नाहींत.

तेव्हां आमचें उत्तर असें. नौकेवर चांगल्या स्थितींतील पडदा आधींच असेल, तर त्याच कंपनीचें रडार घ्यावें; चौघांचींहि आजचीं यंत्रें या कामास पुरेशीं आहेत, व केवळ नांवासाठीं सारा संसार बदलण्याचें प्रयोजन नाहीं. सर्वच नवें घ्यावयाचें असेल, तर आपल्या बंदरांत कोणत्या कंपनीचा जाणता कारागीर बोलावल्याबरोबर येतो तें प्रथम पाहावें, आणि सुटे भाग किती वर्षें मिळतील तें लेखी मागावें. या बाबतींत दोन नांवें समसमान ठरलीं, तर निव्वळ रडारच्या टिकाऊपणापुरता आमचा कौल फुरुनोकडे आहे. नकाशा, पडदा आणि रडार हीं सर्व एकाच घरचीं व शिकण्यास सोपीं हवीं असतील त्यांनीं गार्मिन पाहावें. वीज जपून वापरावी लागते अशा शिडाच्या नौकेस रेमरीनचे किंवा सिमरॅड-परिवाराचे हलके घुमट सोयीचे पडतात. कोणतेंहि घेतलें तरी तें बसविण्याच्या कामांत काटकसर करूं नये, आणि घुमट माणसांच्या डोक्यांहून उंच बसवावा. यंत्र चालूं असतां मुलांस त्याच्या अगदीं समोर उभें राहूं देऊं नये.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि कंपनीच्या माहितीपत्रकांत सांपडणार नाहीं. रडार घेतलें म्हणून धुक्यांत निघण्याचें धैर्य वाढूं नये. वाटेंत अवचित धुकें उतरलें तर घरीं परत आणणारें साधन, एवढीच त्याची योग्यता मानावी. सकाळीं बंदरावरून पलीकडचें बेट दिसत नसेल तर त्या दिवशीं नौका खुंट्यासच बांधलेली राहूं द्यावी. आणि बेटावर असतांना धुकें आलें, तर तेथेंच आणखी एक रात्र काढावी. दुसऱ्या दिवशीं मुलांची शाळा बुडेल, बुडूं द्या. आम्ही शाळामास्तर असून हें सांगतों.